जोडीची बाई

फोन आला तेव्हा गाडीनं लासुर्णे सोडलं होतं आणि सिंधू मागच्या बाकापासून तिकिटं काढत पुढं सरकत होती. ड्यूटीवर असताना अनोळखी नंबर ती कधी उचलत नसे. त्या दिवशी उचलला. पलीकडं एक मुलगी होती, आवाज शहरी आणि फार अदबीचा. तिनं सिंधूचं पूर्ण नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग सांगितलं की, पुष्कळ वर्षांपूर्वी बारामतीत, कसब्यातल्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं, तिथं तुम्ही रक्त दिलं होतं, ते पुण्याला आमच्या संस्थेत गोठवून जपून ठेवलेलं आहे. आता पुढच्या अभ्यासासाठी तुमची निवड झाली आहे, तर एकदा बारामतीच्या केंद्रावर येऊन जाल का. इंजिनाच्या घरघरीत अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. सिंधूनं विचारलं, कसला अभ्यास? मुलीनं सांगितलं. नेमकी त्याच वेळी ड्रायव्हर झुंबरतात्यांनी गतिरोधकावर गाडी हळू केली, आवाज एकदम बसला आणि ‘अंडाशयाचा कॅन्सर’ एवढे दोनच शब्द स्वच्छ होऊन तिच्या कानात शिरले.

पुढचं तिनं ऐकलं नाही. एक म्हातारा शेळगावला जायचं म्हणून हात पुढं करून बसला होता, त्याला तिनं निमगावचं तिकीट दिलं आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. निवड झाली आहे. तिची एकदाच निवड झाली होती, एसटीत, तेव्हा नवऱ्यानं, इंद्रजितनं माळेगावच्या कारखान्यातल्या सगळ्या दोस्तांना पेढे वाटले होते. निवड हा शब्द त्यानंतर आज कानावर आला. ती पुढच्या खांबाला धरून उभी राहिली. गाडी थरथरत होती आणि ती थरथर तळपायातून मांड्यांत, मांड्यांतून ओटीपोटात चढत होती. रोजच चढत असणार. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिनं कधी तिकडं ध्यान दिलं नव्हतं. आता ध्यान गेलं आणि तिथून हलेना. डावीकडं काहीतरी जड आहे. नाही, उजवीकडं. सकाळी निघताना पाणी कमी प्यायलं होतं, कारण मध्ये कुठं बायकांना जायची सोय नाही, म्हणून असेल. मागच्या महिन्यात साडीच्या निऱ्या घट्ट वाटत होत्या. कोणीतरी मागून ओरडलं, बाई, गोतंडी, गोतंडी, आणि तिनं घंटी ओढली.

इंदापूरच्या स्टँडवर ही गाडी अर्धा तास थांबते. तेवढ्यात झुंबरतात्या तंबाखू मळत बाकावर बसतात आणि सिंधू कँटीनमध्ये चहा घेते. स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर शबीनाचं घर होतं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून सिंधू एकदाही तिकडं फिरकली नव्हती. शबीना तिची कसब्यातली शेजारीण. भिंतीला भिंत लावून दोघींनी पोरं वाढवली, एकीच्या घरचा गॅस संपला की दुसरीच्या घरी भाकरी भाजल्या. मग शबीनाच्या नवऱ्यानं, फिरोजभाईनं, इंदापुरात चपलांचं दुकान टाकलं आणि ते बिऱ्हाड हललं. तरी येणंजाणं होतं. पण सिंधूच्या मुलाचं, सूरजचं लग्न झालं आणि त्या लग्नाला शबीना आली नाही. हळदीला नाही, अक्षतांना नाही. फिरोजभाई एकटेच आले, घाईनं जेवले आणि गेले. शबीनाचा फोनवर नुसता एक निरोप, बरं वाटत न्हाय, पोरांना दुवा. सिंधूच्या मनाला ते फार लागलं. सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानून शबीनासाठी जी साडी राखून ठेवली होती, ती तिनं शेवटी नणंदेला नेसवली. रोज इंदापूरला जायचं, रोज अर्धा तास थांबायचं आणि शबीनाकडं जायचं नाही, हे तिनं नेमानं पाळलं. तिनं आधी यावं. चुकी तिची.

त्या दिवशी चहा तसाच ठेवून ती उठली आणि गाडीत जाऊन बसली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती केंद्रावर गेली. इंद्रजितला तिनं सांगितलं, कसलासा सर्व्हे हाय. केंद्र म्हणजे भिगवण रस्त्यावरच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या, आणि पुण्याहून आलेली, जाड काचांचा चष्मा लावणारी एक तरुण डॉक्टर. सिंधूच्या मुलाच्या वयाची. सिंधू खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून तिनं एकच विचारलं, म्हंजी मला झालाय?

डॉक्टर दचकली. नाही, नाही, म्हणाली, उलट आहे, तुम्हाला झालेला नाही म्हणून तुम्हाला बोलावलंय. मग तिनं खुर्ची जवळ ओढून नीट समजावलं. त्या शिबिरात रक्त दिलेल्या ज्या बायकांना पुढं हा आजार झाला, त्यांतल्या प्रत्येकीसाठी एक अशी बाई घेतात, जिला तो झालेला नाही. वय सारखं, गाव तेच, रक्त दिल्याचा दिवससुद्धा तोच. मग दोघींचं ते जुनं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघतात, की आजार व्हायच्या कितीतरी आधी, दोघीही धडधाकट असताना, रक्तात काही फरक होता का. विशेषतः सुजेच्या खुणा. सिंधूला सूज म्हटल्यावर उभं राहून राहून टम्म झालेले पायच आठवले. डॉक्टर म्हणाली, तशी नाही, आतली. अंगात कुठं दाह चालू असला, बारीक, न कळणारा, तरी यकृत एक द्रव्य रक्तात सोडतं. ते सतत जास्त असलेल्या बायकांना हा आजार थोडा अधिक होतो का, ते आम्ही बघतोय. अजून नक्की काही म्हणता येत नाही.

सिंधूच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. दंड पुढं करून, मूठ वळून तिनं रक्त दिलं, आणि काचेची नळी काळपट लाल होत भरताना बघत असताना तिला एकदम हसूच आलं, आपण उगीच दोन दिवस जीव टांगून घेतला. आणि ते हसू ओठांवर असतानाच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली.

“मग माझ्या जोडीची बाई कोण?”

डॉक्टरनं कापूस दाबून धरला. ते सांगता येत नाही, म्हणाली.

“हाय का ती?”

“त्यांच्याबद्दल मला काहीच बोलता येणार नाही, ताई.”

हे वाक्य सिंधू पुढं कितीतरी दिवस उलटून पालटून बघत राहिली. त्यांच्याबद्दल. जिवंत माणसाबद्दलही असंच म्हणतात आणि मेलेल्याबद्दलही. ‘ती होती’ म्हणाली असती तर कळलं असतं, ‘ती आहे’ म्हणाली असती तरी कळलं असतं. त्या पोरीनं होतीही म्हटलं नाही आणि आहेही म्हटलं नाही. निघताना सिंधूनं विचारलं, माझ्या जुन्या रक्तात काय निघालं ते तरी सांगा. तुमचं तुम्हाला सांगता येतं, असं म्हणत डॉक्टरनं संगणकाकडं बघितलं आणि जरा थांबून म्हणाली, थोडं वाढलेलं होतं. पण एकेकीला त्यावरून काही सांगता येत नाही. हिरड्या सुजल्या, गुडघा धरला, वजन वाढलं, तरी ते वाढतं. हजार बायकांचं बघून काही अंदाज येतो, एकीचं बघून नाही. सिंधूनं मान हलवली. तिच्या मनात एवढंच आलं, माझं थोडं वाढलेलं होतं तर तिचं किती असेल?

तिचं. ती कोण, हे तिला जिना उतरायच्या आत कळलं होतं, आणि तिनं ते कळू दिलं नव्हतं. रस्त्यानं चालताना ती त्या दिवशीच्या रांगेतल्या बायका आठवत राहिली. शाळेच्या व्हरांड्यातली रांग, उपाशीपोटी आलेल्या बायका, आणि सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यात रचलेल्या स्टीलच्या डब्यांकडं, कारण रक्त देणारीला एक डबा मिळणार होता. गल्लीतल्या कुशाबाई होत्या, पण त्या तेव्हाच म्हाताऱ्या. शबीनाची सासू बिस्मिल्लाबी होती, तिला वयामुळं घेतलं नाही म्हणून ती डब्यासाठी भांडली होती. चौकातली दूधवाली होती, सिंधूच्याच वयाची. तिला तर सिंधूनं आज सकाळी सायकलवर बघितलं, धडधाकट. आणि शबीना. शबीनाला यायचंच नव्हतं. सुईला ती लहान पोरासारखी भ्यायची. सिंधूनंच तिला हाताला धरून ओढत आणलं होतं, चल गं, डबा मिळतोय, आणि तिची पाळी आली तेव्हा तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. खांद्यावर ब्लाउज ओला झालेला लागला होता. पण दुसऱ्या गल्लीतल्या बायकाही होत्याच की. आमराईतल्या होत्या. त्या काही सगळ्या तिच्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांतलीच कोणीतरी असेल. असावी, असं वाटून घेताना तिला त्या अनोळखी बाईपुढं शरम वाटली. म्हणजे आपण कुणाला तरी मारतोच आहोत.

मग आठवणी आपणहून यायला लागल्या, तिकिटं काढताना, मशीनचा कागद बदलताना, भवानीनगरच्या वळणावर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकलेली असताना. शबीनाचं पोट. इंदापूरला गेल्यावर तिचं पोट सुटलं होतं आणि दोघी त्यावरून हसल्या होत्या. बसून खातीस, चालत जा, असं सिंधू म्हणाली होती. पोट सुटलं होतं आणि मनगटं बारीक झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. ते तेव्हाही दिसलं होतं. दिसलं होतं आणि तिनं विचारलं नव्हतं. लग्नाच्या आधीच्या ईदला शबीनानं सगळ्यांना शीरखुर्मा वाढला आणि स्वतः दोन चमचे खाऊन वाटी बाजूला सारली, लगेच भरल्यागत हुतं, म्हणाली. ओवा खाते. गॅस हाय. सिंधूनं आपल्या घरचा ओवा डबीत भरून पाठवला होता. सगळं समोर होतं, एकेक, हाताला लागेल असं, आणि ती मात्र लग्नावरून रुसून बसली होती.

फोन करता आला असता. फोन हातात घेऊन, शबीनाच्या नावावर अंगठा आणून ती थांबायची. फोन लागला आणि तिकडून फिरोजभाईंचा आवाज आला तर? आणि नुसतीच रिंग वाजत राहिली तर? तिला कोणीतरी सांगितलंच असतं, मेली असती तर. कोण सांगणार होतं? कसब्यातली जुनी माणसं पांगली होती. फिरोजभाईंनी कळवलं असतं. पण फिरोजभाई लग्नात कसे जेवले होते, खाली मान घालून, घाईनं. त्यांना तेव्हा माहीत होतं. इंदापूरच्या स्टँडवर ती आता चहालाही उतरेना, गाडीतच बसून राही. एकदा झुंबरतात्यांनी विचारलं, काय दुखतंय का मॅडम, आणि ती म्हणाली, पोट. तिला खरंच दुखत होतं.

मग शुक्रवारी, इंदापूरला गाडी लागली आणि शेवटचा प्रवासी उतरला तेवढ्यात, डॉक्टरचा फोन आला. केंद्रावर दिलेल्या रक्ताचा निकाल आला होता. खूण आताही वाढलेली होती, जुन्यापेक्षा बरीच जास्त. घाबरण्यासारखं काही आहे असं मी म्हणत नाहीये, डॉक्टर दोन दोनदा म्हणाली, पण तुमचं वय बघता एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे शंका राहायला नको. सिंधू हो म्हणाली. रिकाम्या गाडीत ती कंडक्टरच्या सीटवर बसली होती. बाहेर फलाटावर कोणीतरी पेरू विकत होतं. इंद्रजितला सांगावं, तर तो घाबरून सगळ्या कारखान्याला सांगेल. सूरजला, तर सून पोटुशी. तिला सांगायला एकच माणूस हवं होतं आणि ते माणूस आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. ती उठली आणि तात्यांना आलेच म्हणून निघाली. आपण तिला बघायला निघालो नाही, आपलं गाऱ्हाणं सांगायला निघालो आहोत, हे चालता चालता तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी पाय उचलत होते.

वाटेत फिरोजभाईंचं दुकान लागलं. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. बाहेरच्या चपलांच्या माळा आत घेतलेल्या. शेजारच्या मोबाईलच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मशिदीकडून टोप्या घातलेली माणसं येताना दिसली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आज जुम्मा. नमाजाला गेले असतील. गल्लीत वळून तिनं दार वाजवलं.

दार शबीनानंच उघडलं.

ओढणी कपाळावर घट्ट ओढून मागं बांधलेली होती आणि भुवया नव्हत्या. भुवयांवाचून चेहरा इतका उघडा दिसत होता की सिंधूनं आधी नजर खाली केली. पाय तेच होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, कसब्यात पाटा पडला होता तेव्हाचं. तिनं वर बघितलं.

“आलीस व्हय,” शबीना म्हणाली. “ये.”

सिंधू आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. शबीनानं पाणी आणलं, मग भिंतीला उशी लावून सावकाश टेकली. रडारड झाली नाही. कुणी सांगितलं, शबीनानं विचारलं. कुणीच नाही, म्हणाली सिंधू, आपलं रक्त शेजारी शेजारी ठेवलंय म्हणे पुण्याला. त्यावर शबीना एवढ्याशा तोंडानं हसली.

“तूच हायस का ती? मला वाटलंच हुतं. त्या पोरीनं मला सांगितलं, एक चांगली बाई तुमच्या जोडीला घेणार हाय. म्हणलं सिंधी असली म्हंजी बरं. म्हंजी ती चांगली हाय.”

मग तिनं सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. सूरजच्या लग्नाच्या आधीच पोटातलं पाणी काढलं होतं. हळदीच्या दिवशी ती पुण्याला दवाखान्यात होती आणि अक्षतांच्या दिवशी पहिल्या केमोनंतर बादलीत तोंड घालून बसली होती. फिरोजला तिनंच शपथ घातली होती, लग्नघरात ह्यातलं एक अक्षर काढायचं नाही, आणि जेवल्याशिवाय यायचं नाही. नंतर सांगू म्हटलं, तर सिंधूचा फोन नाही. मग वाटलं, राग आलाय तर राग असू दे, रागावलेलं माणूस तरी बरं, दया करणारं नको. मोठं ऑपरेशन झालं. सगळं काढून टाकलं. केस जरा जरा यायला लागलेत, भुवया अजून नाहीत. आणि आता परत थोडं दिसतंय म्हणत्यात, पुढच्या महिन्यात पुन्हा औषध चालू.

सिंधूनं तिचा हात हातात घेतला. तो फार गरम होता, कोरडा. थोड्या वेळानं तिनं विचारलं, तुझं त्या वेळचं रक्त काय म्हणालं? फार वाढलेलं हुतं का?

“माझं?” शबीना म्हणाली. “साफ. सूज न्हाय, काय न्हाय. त्या डॉक्टर पोरीलाच सांगताना कसंतरी झालं.”

पंख्याचा आवाज येत होता. सिंधूनं इतके दिवस मनात एक हिशेब लावून ठेवला होता, की आपलं थोडं आणि तिचं पुष्कळ, म्हणून ती तिकडं आणि आपण इकडं. तो आधार गेला. खूण आपल्या रक्तात होती आणि आजार शबीनाच्या पोटात उगवला. कोणी मोजलं नव्हतं, कोणी बघितलं नव्हतं. पाटीतली भाजी न बघता उचलावी तसं कुणीतरी उचललं होतं. निदान तसं उचलून संपलं असतं तर. पण सिंधूची स्वतःची खूण अजून तिथंच होती, वाढलेली.

“माझं वाढलेलं हुतं,” ती म्हणाली. “तवाबी. आन् आत्ता त्याहून जास्त हाय. सोनोग्राफी करा म्हणत्यात.”

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण हे या घरात, या बाईपुढं बोललो. शबीना तिच्याकडं बघत राहिली. त्या उघड्या चेहऱ्यावर काय आहे ते सिंधूला ओळखता येईना.

“केली?”

“न्हाय.”

“का?”

“भ्या वाटतंय.”

शबीनानं हात सोडवून घेतला आणि ओढणी सारखी केली. कधी सुट्टी हाय तुझी, म्हणाली. मी येते.

सिंधूनं पुष्कळ नको म्हटलं. एवढ्या लांब बसमध्ये कशाला, तुझी तब्येत काय, फिरोजभाई काय म्हणतील. शबीना ऐकून घेत नव्हती. त्या टेबलावर एकटीनं पडल्यावर कसं वाटतं, ते तुला म्हाईत न्हाय, एवढंच म्हणाली. आणि सुट्टीच्या दिवशी खरोखर सकाळच्या गाडीनं ती बारामतीला आली, फिरोजभाईंनी खिडकीची जागा बघून बसवून दिली होती.

सोनोग्राफीच्या केंद्रात सगळीकडं पोटुशा पोरी होत्या. बाकांवर, भिंतीला टेकून, आयांच्या आणि सासवांच्या सोबत, हातात पाण्याच्या बाटल्या. सिंधूलाही भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं आणि ते पाणी आता ओटीपोटात दगडासारखं तटतटलं होतं. त्या सगळ्या पोरींमध्ये शबीना बसली होती, पिवळसर, ओढणी कपाळावर, मांडीवर सिंधूची पर्स. एका पोरीच्या सासूनं तिला विचारलं, लेकीसंगट आला का, आणि शबीना म्हणाली, न्हाय, मैत्रीण हाय. नाव पुकारलं तेव्हा सिंधूनं तिच्याकडं बघितलं. शबीनानं नुसती हनुवटी वर केली, जा.

आत अंधार होता. पोटावर गार, चिकट काहीतरी पडलं आणि ते यंत्र दाबत, सरकत फिरायला लागलं. डॉक्टर बोलत नव्हता. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं, पाऊस लागलेल्या काचेपलीकडचं दिसावं तसं. एका जागी तो थांबला, दाबलं, परत मागं आला, परत थांबला. तिला वाटलं, सापडलं. आता सापडलंच आहे म्हटल्यावर मनात एक भयंकर शांतपणा आला, आणि त्या शांतपणात सूरजचं लग्न नव्हतं, इंद्रजित नव्हता, होणारं नातवंड नव्हतं. फक्त बाहेर बाकावर बसलेली बाई होती. बरं झालं, ती आहे. पुढचं ती सांगेल, कुठं जायचं, काय खायचं, उलटी कशी आवरायची. मग डॉक्टरनं यंत्र उचललं, पुसायला कागद दिला आणि म्हणाला, काही नाही, दोन्ही बाजू स्वच्छ आहेत. पित्ताशयात बारके खडे आहेत, त्याला सूज आहे, सर्जनना दाखवून घ्या. त्याच्यानंही रक्तातलं ते वाढतं.

ती साडी सारखी करत बाहेर आली. खडे. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. शबीना उठून उभी राहिली होती, पर्स छातीशी धरून.

“काय न्हाय,” सिंधू म्हणाली. “पित्ताचे खडे हायत. तिथं साफ हाय.”

आणि तिनं शबीनाचा चेहरा बघितला. भुवया नसल्यानं त्यावर काही झाकत नव्हतं. आनंद यायच्या आधी तिथं दुसरंच काही येऊन गेलं, निमिषभर. दारातून कोणी आत येतंय असं वाटावं आणि ते पुढच्या घरी निघून जावं, तेव्हा माणसाचा चेहरा पडतो तसा. मग आनंद आला, तोही खरा होता. पण सिंधूनं आधीचं बघितलं होतं, आणि तिनं बघितल्याचं शबीनानं बघितलं होतं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. आतून दुसरं नाव पुकारलं गेलं, एक पोरगी कमरेला हात लावून उठली आणि दोघींच्या मधून वाट काढत गेली.

“एक घडीभर वाटलं,” शबीना म्हणाली, अगदी हळू, “तुलाबी असावं. एकटी कंटाळले गं मी.”

सिंधूला राग शोधूनही सापडेना. मघाशी आत, अंधारात, तिनं मनात जे म्हटलं होतं ते शबीनाला सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला शब्द येत नव्हते. तिला लघवीला जायचं होतं, तटतटून लागली होती, आणि तिला तिथून हलायचं नव्हतं.

“अजून वाटतंय का?” तिनं विचारलं.

शबीनानं खरं काय ते आत बघून सांगावं तसा वेळ घेतला.

“थोडं.”

“बरं,” सिंधू म्हणाली. ती बाकावर बसली आणि शेजारच्या सासूबाईंना जरा सरका म्हणाली, आणि झालेल्या जागेवर तिनं शबीनाला हाताला धरून बसवलं.

“पुढच्या महिन्यात कुठल्या दिवशी हाय तुझं?”

“फिरोज येत्यात की संगं.”

“येऊ द्यात. दिवस सांग.”

शबीनानं दिवस सांगितला. मग पर्स मांडीवर घेऊन तिनं मान मागं भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. आणि सिंधू तिच्या शेजारी, पोटातला तो भार तसाच धरून, ती जागी व्हायची वाट बघत बसून राहिली.